डायबेटिक फूटची सांघिक काळजी रेसिडेंटना कशी शिकवावी?

तुम्ही लिहिलंय की टीमवर्कवर लेक्चरं झाली, तरी डायबेटिक फूटचा, म्हणजे मधुमेहामुळे पायाला जखम झालेला रुग्ण आला की तुमचे रेसिडेंट मेडिसीन-ऑर्थोला रेफरन्स लिहून मोकळे होतात. मी सर्जरी शिकवतो. माझं स्पष्ट मत आहे की हा विषय वर्गात शिकवताच येत नाही, तो ड्रेसिंग रूममध्येच शिकवायचा.

आठवड्यातला एक वार ठरवा. सर्जरी, मेडिसीन, ऑर्थोचे रेसिडेंट, ड्रेसिंगच्या सिस्टर, ऑर्थोटिस्ट (आधाराची साधनं आणि खास चपला बनवणारा) आणि रुग्णाच्या घरचं एक माणूस असे सगळे एकाच टेबलाभोवती हवेत. पट्टी सर्वांसमोर सुटू दे. मग कामं मुद्दाम उलटी वाटा. सर्जरीवाल्याने इन्सुलिनचा चार्ट वाचायचा, मेडिसीनवाल्याने जखमेत प्रोब घालून तळाशी हाड लागतं का पाहायचं. हाड लागलं, म्हणजे संसर्ग हाडापर्यंत गेल्याची शंका आली, की अँटिबायोटिक किती आठवडे द्यायचं हा प्रश्न त्याला स्वतःचा वाटू लागतो. घोट्याचा रक्तदाबही त्यांनाच मोजू द्या. मधुमेहात धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचतं, त्यामुळे एबीआय (घोट्याच्या रक्तदाबाचं दंडाच्या रक्तदाबाशी गुणोत्तर) १.३ च्या वर गेला तर तो आकडा धरून चालायचं नाही, पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब बघायचा.

सगळ्यात जास्त वेळ मात्र पायावरचा भार उतरवण्याला द्या, कारण ते काम कुठल्याच विभागाचं नसतं. उत्तम डिब्रीडमेंट होतं, म्हणजे जखमेतला मेलेला भाग नीट काढला जातो, आणि रुग्ण त्याच पायावर चालत एसटी स्टँड गाठतो! सर्जन पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या सुन्न पायांच्या जखमा प्लास्टर घालून भरून आणल्या. १९६०च्या दशकात ते अमेरिकेत कार्व्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले, आणि पुढे तीच पद्धत तिथे मधुमेहींच्या पायांसाठी रुजली. हे सांगा, आणि मग ऑर्थोटिस्टला शिकवू द्या: प्लास्टर कसं बसवायचं, एमसीआर (मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या) चपलेत दाब कुठे पडतो, रक्तपुरवठा अगदी कमी असेल तर ते प्लास्टर का घालायचं नाही. रेसिडेंटना रुग्णाला विचारायला लावा की रजा मिळेल का, घरात पाणी कोण भरतं. ही उत्तरं केसपेपरवर आलीच पाहिजेत, आणि प्रत्येक कामापुढे ते करणाऱ्याचं नाव.

वरिष्ठ पुरावा मागतील. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये १९८१ मध्ये अशी एकत्र ओपीडी सुरू झाली आणि काही वर्षांत तिथली मोठी अँप्युटेशन्स निम्म्यावर आली.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी बजावा. पाय लाल, सुजलेला, ताप, पू, दुर्गंधी असेल तर ठरल्या वाराची वाट पाहायची नाही. त्याच रात्री सर्जनला उठवायचं.