सुक्याचे पैसे मावशींचे

अगं,

तुझा मेसेज रात्री अकराला वाचला आणि झोप उडाली. सुका कचरा एकत्र ठेवायला पार्किंगमध्ये कोपरा केलात, छान. आता सेक्रेटरी म्हणताहेत की माल थेट भंगारवाल्याला विकू, पैसे गणपतीच्या वर्गणीत टाकू, म्हणजे लोकांना उत्साह येईल. तू विचारतेस, काय करू?

करू नकोस. रोज कचरा न्यायला मावशी येतात ना? सुक्याचे पैसे मावशींचे.

2011 मध्ये आमच्या कोथरूडच्या सोसायटीत मी नेमकं हेच केलं होतं. पुठ्ठा, रद्दी, बिसलेरी, पत्रा असा चांगला माल बाजूला काढायचा आणि महिन्याला टेम्पोवाल्याला द्यायचा. पहिल्या महिन्याची रक्कम मी स्वतः सुवाच्य अक्षरात बोर्डावर लिहिली. आमच्या मावशी बादल्या घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "ताई, काय लिवलंय?" मी वाचून दाखवलं. कौतुकानं! त्या "बरं झालं" म्हणाल्या आणि ओल्याची बादली उचलून गेल्या. त्यांच्या वाट्याला काय उरलं होतं? डायपर आणि वेफर्सची पाकिटं. त्या पाकिटांत प्लास्टिकला अॅल्युमिनियम चिकटलेलं असतं, ती कोण विकत घेणार? दोन महिन्यांनी त्या यायच्या बंद झाल्या.

माझा हेतू वाईट नव्हता. वेगळं करायची सवय आमच्याकडे लागली ती त्या बोर्डामुळेच, हे मी आजही म्हणते. पण ज्या बाईच्या ताटातलं काढून आम्ही मखर सजवलं, तिला साधं विचारलंही नव्हतं.

पुण्यात राहून हे तुला सांगावं लागतं, याचा जरा रागच आला. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना इथलीच, 1993 ची. तिच्यातूनच 2008 मध्ये 'स्वच्छ' ही वेचकांची सहकारी संस्था पालिकेशी करार करून दारोदार कचरा घेऊ लागली. त्यांची कमाई दोन पायांवर उभी आहे: घरटी महिन्याचं शुल्क आणि सुक्याची विक्री. तू दुसरा पाय काढायला निघालीस, तेही आरतीच्या तबकासाठी. आणि उत्साहाचं काय घेऊन बसलीस? ओला, सुका, घातक वेगळा द्यायचा हे 2016 च्या नियमांनीच सांगितलं होतं, उत्साह असो वा नसो.

तुला काम हवंय ना, मग हे कर. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापायचा नाही, नुसती चीर द्यायची. तो तुटलेला तुकडा कुणी वेचत नाही, सरळ गटारात जातो. पिशवी धुवायची, उलटी करून वाळवायची. वास मारणारी पिशवी मावशींनी का हाताळावी? सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे त्यांना उघडून बघावं लागणार नाही. हे दारोदार जाऊन सांग, दहादा सांग. तिसऱ्या मजल्यावरचे काका वाद घालतील. घालू देत.

पार्किंगच्या कोपऱ्यावर पत्रा टाकून घ्या, जवळ नळ द्या. मावशी तिथे बसून माल निवडतील आणि त्याच विकतील. सुक्याचे पैसे मावशींचे, हे मिनिट्समध्ये लिहून घे, नाहीतर पुढची कमिटी पुन्हा मखराकडे वळेल.

रविवारी ये, बोलू. येताना तुमच्या मावशींचं नाव विचारून ये. एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये तू त्यांना चार वेळा 'कचरेवाली' लिहिलंयस.

तुझी,
काकू