वर्गणी मागण्याआधी

सप्रेम नमस्कार,

'स्टार ट्रेक' या अमेरिकी विज्ञानमालिकेवरच्या फॅन फिल्मचा, म्हणजे चाहत्यांनी हौसेने करायच्या फिल्मचा, तुझा आराखडा दोनदा वाचला. कथा आवडली. खर्चाच्या पानाने मात्र काळजीत टाकलं, म्हणून आधी त्यावरच लिहितो.

४५ मिनिटांची फिल्म आणि ८०,००० डॉलरची लोकवर्गणी, या दोन्ही आकड्यांवर गाडं अडतं. 'स्टार ट्रेक'चे हक्क असलेल्या सीबीएस आणि पॅरामाउंट या कंपन्यांनी जून २०१६मध्ये फॅन फिल्मसाठी नियम जाहीर केले. एक कथा १५ मिनिटांची, फार तर दोन भाग मिळून ३० मिनिटं. वर्गणी जास्तीत जास्त ५०,००० डॉलर, तीही वर्गणी गोळा करणाऱ्या संकेतस्थळाचं शुल्क धरून. सगळे हौशी, कोणालाही मानधन नाही. शीर्षकात 'स्टार ट्रेक' हे शब्द नकोत. शिवाय हे नियम म्हणजे परवाना नव्हे. पाळलेस तर ते हरकत घेणार नाहीत, इतकंच. आणि नियम ते कधीही बदलू शकतात.

'फिल्म फुकट दाखवणार, मग हरकत कोण घेईल?' असं तू लिहिलं आहेस. हाच समज सर्वांत महागात पडतो. 'ॲक्सानार' या 'स्टार ट्रेक'वरच्याच फॅन फिल्मचा खटला नीट वाच. २०१४च्या छोट्या फिल्मनंतर पूर्ण लांबीच्या फिल्मसाठी चाहत्यांनी दहा लाख डॉलरहून जास्त दिले. डिसेंबर २०१५मध्ये सीबीएस आणि पॅरामाउंटने दावा दाखल केला. जानेवारी २०१७मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीशांनी 'फेअर यूज'चा, म्हणजे परवानगीशिवायचा मर्यादित वापर कायद्याला मान्य आहे असा, बचाव फेटाळला. फिल्म फुकट असली तरी निर्मात्यांना अप्रत्यक्ष आर्थिक लाभ होता, असं त्यांनी धरलं. त्याच महिन्यात तडजोड झाली आणि १५-१५ मिनिटांच्या दोन भागांवर निभावलं. ज्या फिल्मसाठी लोकांनी पैसे मोजले, ती त्यांना मिळालीच नाही. वर्गणीतला पैसा स्टुडिओ उभारण्यावरही गेला होता.

हक्क आणि हिशेब हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, ते इथे कळतं. जे विश्व आपल्या मालकीचं नाही, त्यावर पैसे घेताना फिल्म पूर्ण होईलच असा शब्द देता येत नाही. म्हणून मालकाच्या वकिलाचं एक पत्र आलं आणि काम थांबलं, तरी पैसे परत करता येतील अशाच बेताने खर्च कर. स्टुडिओचं वर्षभराचं भाडं, स्वतःचा पगार, विकत घेतलेला महागडा कॅमेरा यात अडकलेला पैसा परत येत नाही. जागा दिवसाच्या बोलीवर घे, कॅमेरा भाड्याने.

२०,००० डॉलरचं उदाहरण घे. किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळाचे ५ टक्के म्हणजे १,०००. पेमेंटचे साधारण ३ टक्के आणि प्रत्येक देणगीमागे २० सेंट. देणगीदार ४०० असतील तर ६८०. उरले १८,३२०. त्यातले दोन हजार परतफेडीसाठी बाजूला काढ आणि उरलेल्यातच बजेट बसव. फिल्मच्या नावाने वेगळं बँक खाते, दोघांच्या सह्या, प्रत्येक पावतीचा फोटो, आणि दर महिन्याला देणगीदारांना जमाखर्च. स्वतःच्या खिशातून खर्च केलास तर तोही त्याच दिवशी नोंदव. महिन्याने आठवून लिहिलेला हिशेब खरा असला तरी संशय ओढवून घेतो.

देणगीदारांना भेट म्हणून टी-शर्ट, डीव्हीडी देऊ नकोस. नियमांत ते बसत नाही आणि पोस्टाचा खर्च बजेट खातो. श्रेयनामावलीत नाव पुरे. फिल्मवर जाहिरातीचं उत्पन्नही घेता येणार नाही.

'ही हौशी निर्मिती आहे' अशी पाटी नियमांनुसार लावावीच लागते, पण ती पाटी खटल्यातली ढाल नव्हे. तुझे संवाद नवे असले तरी पात्रं, अंतराळयानं, परग्रहवासीयांचे वंश सीबीएस-पॅरामाउंटचेच आहेत. अमेरिकी कायद्यात त्यावरून नवी कृती बेतण्याचा हक्कही मूळ मालकाचा असतो. वकिलाचं पत्र आलंच तर त्याच दिवशी खर्च थांबव, देणगीदारांना कळव, आणि वर्गणीतून वकिलाची फी भरू नकोस. त्यांनी ते पैसे फिल्मसाठी दिलेत.

तुझ्या कथेतला तळावरचा प्रसंग १५ मिनिटांत उत्तम बसेल. तेवढाच धरून नवं बजेट पाठव. वर्गणीचं पान त्यानंतरच उघडू.

तुझा,
एक हितचिंतक