फुलं कशावर उभी आहेत, ते आधी बघ

अनेक आशीर्वाद.

पुष्परचनेत सध्या इतक्या शैली एकदम चालू आहेत की त्यातली कोणती शिकावी हेच कळत नाही, असं तू लिहिलंस. माझं म्हणणं थोडक्यात असं, की शैलींची नावं पाठ करू नकोस. एखादी रचना आवडली की नजर फुलांवरून खाली ने आणि हे सगळं कशाच्या आधाराने उभं आहे ते शोध. गेल्या काही वर्षांत या व्यवसायात वर जे बदललेलं दिसतं, त्यातलं पुष्कळसं आधी खाली बदललं आहे.

हिरवा फ्लोरल फोम, म्हणजे देठ खोचायची ती पाणी धरून ठेवणारी स्पंजासारखी वीट, तुझ्या हाताखालून गेला असेलच. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात व्हर्नन स्मिथर्स यांनी तो बाजारात आणला आणि पुढची कित्येक दशकं फुलांचा आकार त्यानेच ठरवला. फोममध्ये देठ खुपसला की तो त्याच जागी, त्याच कोनात राहतो. त्यामुळे फट न दिसणारे गोल घुमट, भरगच्च कमानी, काटेकोर त्रिकोण हे सगळं सोपं झालं. देठ आखूड कापायचा, फुलाचं तोंड हवं तिकडे करायचं. फुलाचा स्वतःचा कल कुठे आहे, हे विचारायची गरजच उरली नाही.

हा फोम म्हणजे प्लास्टिकच. कुजत नाही, फक्त चुरा होत जातो. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या आरएमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की हा बारीक चुरा पाण्यातले जीव खातात आणि त्यातून पाण्यात उतरणारी रसायनं त्यांना अपायकारक ठरतात. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत फोमला बंदीच घातली. म्हणजे ज्या मांडवात जगभरचे लोक नवं काय ते बघायला येतात, तिथेच आधाराचं साधन बदललं.

फोमऐवजी आता काय? षटकोनी भोकांची तारेची जाळी चुरगळून भांड्यात बसवायची आणि वरून चिकटपट्टीने बांधायची. किंवा जपानी केंझान, म्हणजे जड धातूच्या बैठकीवर उभ्या केलेल्या दाट पितळी सुया. जाळीत देठ किमान दोन ठिकाणी अडकला पाहिजे, नाहीतर तो फिरतो. केंझानवर मऊ देठ सरळ टोचायचा. फांदीचं टोक मात्र चिरून आधी उभं रोवायचं आणि मग हव्या बाजूला कलवायचं. यात हट्ट चालत नाही, देठ आपलं वळण घेतोच. म्हणूनच रचना मोकळ्या झाल्या, एकीकडे झुकल्या, मधे हवा आली. तुला ज्या ‘नैसर्गिक’ रचना भुरळ घालतात त्यांचं मूळ इथे आहे. कुणी फोमच्या विटेवर तसाच देखावा उभा करायला निघालं, तर ते लांबूनही ओळखू येतं.

ट्युलिप घे. कापल्यावरही तो लांब होत राहतो आणि उजेडाकडे वळतो. संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी सकाळी मांडलेली रचना तोवर बदललेली असणार. ती जागा आधीच सोडून ठेवायला शीक. मला या कामातला हा भाग फार प्रिय आहे.

हे सगळं अगदी नवं आहे असंही समजू नकोस. रिकाम्या जागेला फुलाइतकाच मान देणं इकेबानात, म्हणजे जपानी पुष्परचनेच्या कलेत, शतकानुशतकं चालत आलं आहे. १९२७ मध्ये सोफू तेशिगाहारा यांनी इकेबानाची सोगेत्सु शाळा काढली आणि फांद्या, धातू, काहीही साहित्य म्हणून घेता येतं हे ठासून मांडलं. तिकडे लंडनमध्ये पुष्परचनाकार कॉन्स्टन्स स्प्राय यांनी १९३० च्या दशकात कुंपणावरची रानफुलं आणि केल या कोबीच्या जातीतल्या भाजीची पानं श्रीमंतांच्या मेजांवर नेली. आजची निम्मी ‘नवी’ चित्रं त्यांच्या कामाशेजारी ठेवून बघ, खूप कळेल.

मेजावरच्या रचनेत फळं आणि भाज्या घालण्याची पद्धत सध्या जोरात आहे. दिसतं देखणं, पण पिकलेली सफरचंदं, नासपती, केळी इथिलीन वायू सोडतात आणि कार्नेशन त्याने लवकर मान टाकतं. पाकळ्या आत वळून मिटतात. द्राक्षं आणि लिंबं त्या मानाने निरुपद्रवी. फळ हवंच असेल तर यांच्यापासून सुरुवात कर. कार्नेशनवरून आठवलं, या फुलाला मधल्या काळात स्वस्तातलं म्हणून हिणवलं गेलं. आता एकाच जातीच्या फुलांचे मोठे पुंजके करण्याची आवड आली आणि त्याचे दिवस पालटले. मला याचा मनापासून आनंद आहे. इतकं टिकाऊ, इतक्या छटांचं फूल कुणी नाकारावं का?

छताला टांगलेल्या फुलांच्या ‘ढगां’बद्दल एकच सांगते: पाण्याची सोय आधी, सौंदर्य मग. हायड्रेंजिया पाण्याशिवाय तासाभरातही कोमेजू शकतो. अँथुरियम, ऑर्किड, शेवंती बराच वेळ तग धरतात. आणि वजन टांगायचं तर ते छताला पेलतं का, हे जागेच्या माणसाकडून लेखी घे.

ब्लीच केलेली, रंगवलेली सुकी पानं-फुलं मला पटत नाहीत. पर्यावरणपूरक म्हणून ती विकली जातात, पण पांढरी करताना त्यांवर किती रसायनं ओतली जातात ते बघ. नुसती वाळवलेली फुलं, गवतं, बोंडं यांना माझी ना नाही. मात्र पंपास हे पिसांसारख्या उंच तुऱ्यांचं गवत काही देशांत उपद्रवी म्हणून निषिद्ध आहे, तेव्हा तुरे आणण्याआधी तिथला नियम तपास.

फोटोतली फुलं दाखवून ‘हेच पाहिजे’ म्हणणारं गिऱ्हाईक तुला भेटेलच. जुन्या डच चित्रकारांच्या फुलदाणीत वसंतातला ट्युलिप आणि उन्हाळ्यातला गुलाब एकत्र दिसतात, कारण त्यांनी प्रत्येक फूल ज्याच्या त्याच्या ऋतूत रेखाटून ठेवलं आणि नंतर चित्रात एकत्र आणलं. तुला ती मुभा नाही. म्हणून करारात फुलांची नावं कमीत कमी लिही. छटा लिही, आकार लिही: गोल मोठी फुलं, तुऱ्यासारखी उंच, लोंबणारी, बारीक भरणीची. आणि त्या आठवड्यात जे उत्तम मिळेल ते घेतलं जाईल, हे वाक्य गिऱ्हाइकाकडून सही होण्याआधी मोठ्याने वाचून घे.

तुझी,
ताई