‘पोरगी असलं का वाचती?’

सेलूहून एका चोवीस वर्षांच्या मुलीचं पत्र आलं आहे. ती रोज रेल्वेनं परभणीला जाते आणि तिथं एका शिकवणीत गणित शिकवते. पत्र मोठं आहे, त्यातला गाभा असा:

“मला खुनाच्या आणि मानसिक थराराच्या कादंबऱ्या लागतात. कविता म्हणाल तर मर्ढेकर, ग्रेस, ढसाळ. कादंबरीत जगाशी न जमणारी माणसंच मला जवळची वाटतात. मागच्या महिन्यात पाहायला आले तेव्हा मुलाच्या बहिणीनं माझं कपाट पाहिलं. नंतर मध्यस्थाकडून निरोप आला, ‘पोरगी जरा उदास वळणाची दिसती.’ त्या दिवसापासून आईनं सगळी पुस्तकं सुटकेसमध्ये भरून पलंगाखाली सारली आहेत. ‘असलं वाचून तुहं डोकं फिरंल एक दिवस’ म्हणते. थ्रिलर हातात घेतली की रात्रीचे दोन वाजतात, हे खरं आहे. कविता अर्ध्या कळत नाहीत, तरी दिवसभर जड वाटत राहतं. शिकवणीतली सगळी माणसं खोटी वाटायला लागलीत. माझं काही बिघडलंय का? आणि नववीतली एक विद्यार्थिनी माझ्याकडं असलीच पुस्तकं मागते, तिला देऊ का?”

तुझ्या आवडीत काही बिघडलेलं नाही, बाई. तीन वेगळ्या जातींची पुस्तकं तू एकाच रीतीनं वाचतेस, रात्री, अंथरुणात, एकटी आणि घाईनं. त्रास बराचसा त्यातून होतो आहे. थ्रिलर चुकते ती वेळेच्या बाबतीत, कविता चुकते प्रमाणाच्या बाबतीत. उपऱ्या, म्हणजे जगाशी न जमणाऱ्या, नायकाच्या कादंबरीत चुकण्याची जागा आणखी आत आहे, तिच्यावर मी जास्त बोलणार आहे.

आधी झोपेचं. थ्रिलरचं प्रकरण कुठं संपतं ते नीट बघ. दार वाजतं, फोन येतो, कुणीतरी ओळखीचं नाव उच्चारतं, आणि पान संपतं. प्रश्न तिथं मुद्दाम ठेवलेला असतो. म्हणूनच ‘एवढं प्रकरण संपवते आणि झोपते’ म्हणणाऱ्याची रात्र जाते. तू प्रकरणाच्या मध्ये थांबायला शीक. नवं प्रकरण उघडायचं. आधी लोंबकळत ठेवलेल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन पानांत मिळून जातं. ते मिळालं की तिथंच खूण घालून पुस्तक मिटायचं, पुढचा गळ पडायच्या आत. सुरुवातीला चुकल्या-चुकल्यासारखं वाटेल, मग सवय होते.

शेवटच्या भागाला मात्र ही युक्ती चालत नाही. तीनशे पानांच्या कादंबरीत साधारण दोनशेव्या पानापासून धागे एकत्र यायला लागतात, तिथून थांबवत नाही आणि थांबूही नये. ती शंभर पानं रविवारच्या दुपारसाठी राखून ठेव. तासाला तीस पानांचा वेग धरला तर जवळजवळ साडेतीन तास लागतात. तुझा वेग किती आहे ते एकदा घड्याळ लावून मोज, म्हणजे रात्री दहाला ‘थोडंच उरलंय’ अशी स्वतःची समजूत घालणार नाहीस. आणि तुझ्याकडं तर रेल्वे आहे! थ्रिलरसाठी याहून चांगली जागा नाही. दिवसाउजेडी, माणसांत, आणि परभणी आली की पुस्तक मिटावंच लागतं.

कोणती कादंबरी झोप उडवते तेही वेगळं काढ. खुनी कोण एवढंच शोधायचं असलेली कोड्याची कथा डोक्याला गुंतवते, पण उलगडा झाला की सोडून देते. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि लोकांनी त्या रात्री जागून वाचल्या, त्या याच ओढीनं. खुन्याच्या डोक्यात बसून सांगितलेली कादंबरी, किंवा जखमांची बारीक वर्णनं असलेली, ही मात्र डोळे मिटल्यावर चित्रं होऊन परत येते. ती संध्याकाळी सातनंतर नको. पुस्तक आणि झोप यांच्यामध्ये अर्धा तास ठेव आणि त्यात आधी वाचून झालेलं, ओळखीचं काहीतरी चाळ. जुना दिवाळी अंक चालतो. मोबाइल नको.

थ्रिलरबद्दल माझं एक आग्रहाचं म्हणणं आहे. पुष्कळ कादंबऱ्या एका बाईच्या प्रेतानं सुरू होतात आणि ती बाई शेवटपर्यंत प्रेतच राहते. पन्नासाव्या पानावर थांबून विचार, तिला नाव मिळालं का, ती काय काम करत होती, तिला काय आवडायचं, तिच्यासाठी कोण रडलं? यातलं काहीच सापडलं नाही तर पुस्तक परत कर. अशी पुस्तकं एकामागून एक वाचली की मनावर बुरशी चढते आणि कशानं चढली ते कळतही नाही. चांगली कादंबरी हाती लागली तर तिचं दुसरं वाचन कर. खुनी माहीत झाल्यावर पहिली पन्नास पानं पेन्सिल घेऊन पुन्हा वाचायची आणि लेखकानं पुरावा कुठं लपवला ते शोधायचं. तू गणित शिकवतेस, तुला हे फार आवडेल. भीती तिथं उरत नाही, कारागिरी दिसायला लागते.

आता कविता. दिवसभर जड वाटतं असं तू लिहिलंस. माझा अंदाज असा की तू संग्रह कादंबरीसारखा वाचतेस, एका बैठकीत वीस-पंचवीस कविता. तसं केलं की प्रतिमा एकमेकींत मिसळतात, एकही कविता हाताला लागत नाही आणि नुसतं धुकं उरतं. मग ते धुकं आपलंच दुःख आहे असं वाटायला लागतं.

दिवसाला एक कविता पुरे, फार तर तीन. प्रत्येक तीनदा वाचायची. पहिल्यांदा मोठ्यानं, न अडखळता, अर्थाकडं लक्ष न देता. दुसऱ्यांदा पेन्सिलीनं अडलेल्या शब्दांवर खुणा करायच्या आणि कोश उघडायचा. जुन्या शब्दांना मोल्सवर्थचा कोश उपयोगी पडतो, तो इंटरनेटवर फुकट बघता येतो. तिसऱ्यांदा फक्त तीन प्रश्न विचारायचे: कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, वेळ कोणती आहे. एवढ्यावरही कळली नाही तर वहीत हातानं उतरवून काढायची आणि सोडून द्यायची. आठवड्यानं पुन्हा बघायची.

क्रमही बदल. मर्ढेकरांपासून सुरुवात कर. त्यांचा ‘काही कविता’ हा संग्रह १९४७ चा. आशय भयंकर आधुनिक, पण पुष्कळ कविता ओवी-अभंगाच्या चालीवर आहेत आणि ती चाल लहानपणापासून तुझ्या कानात आहे. अर्थ सुटला तरी कान धरून ठेवतो. त्यानंतर ग्रेस. ‘संध्याकाळच्या कविता’ १९६७ चा. तिथं ओळीओळीचा अर्थ लावत बसलीस तर थकशील. संध्याकाळ, आई, पाऊस पुन्हा पुन्हा कुठं येतात आणि दर वेळी काय बदलून येतात, एवढंच वहीत टिपत जा. ढसाळांचा ‘गोलपिठा’ शेवटी. १९७२ च्या त्या संग्रहातले कित्येक शब्द मुंबईच्या एका वस्तीचे आहेत, ते कोशात मिळत नाहीत. म्हणून इथं विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आधी वाच, एरवी मी प्रस्तावना शेवटी वाचायला सांगते. आणि आपल्याच परभणीचे बी. रघुनाथ वाचलेस का? १९१३ ते १९५३, अवघं चाळीस वर्षांचं आयुष्य. निजामाच्या राज्यात सरकारी नोकरी करत मराठीत लिहीत राहिलेला माणूस. घुसमट म्हणजे काय ते तिथं तुला आपल्या मातीतलं सापडेल.

‘सगळी माणसं खोटी वाटायला लागलीत’ या तुझ्या वाक्यानं मला सगळ्यात जास्त थांबवलं. हे वाक्य तुझं नाही. ते तुझ्या आवडत्या नायकांचं आहे आणि तू ते उसनं घेतलं आहेस. उपऱ्या नायकाच्या कादंबरीत चुकतं ते इथं. गोष्ट ‘मी’ सांगतो, म्हणून वाचणारा त्याचा शब्द प्रमाण मानतो. पण नायक आणि लेखक ही दोन माणसं असतात.

भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ घे, तुझ्या यादीत ती असणारच. १९६३ मध्ये ती आली तेव्हा नेमाडे पंचविशीत होते आणि तिचा नायक पांडुरंग सांगवीकरही पंचवीस वर्षांचाच. पांडुरंग शिक्षण अर्धवट टाकून गावी परततो, कशातच काही अर्थ नाही या ठिकाणी येऊन पोचतो. लेखकानं मात्र तीच अर्थशून्यता वाक्यावाक्याला तोलून, हसवत, एक आख्खी कादंबरी पुरी केली. पुढं ते आपल्या मराठवाडा विद्यापीठात शिकवायला होते. पांडुरंगानं हे काही केलं नसतं. धाकट्या बहिणीच्या मरणाची पानं पुन्हा काढून वाच. इतर वेळी सगळ्यांना चिमटे काढत बोलणारा तो तिथं कसा उघडा पडतो ते बघ. जगाला खोटं म्हणणाऱ्या माणसाचं प्रेम किती खरं होतं, हे लेखकानं दाखवलं आहे. नायकाच्या तोंडून ते तसं येत नाही.

यासाठी एक वही कर. पानाच्या मधून रेघ मारायची. डावीकडं नायक काय म्हणतो ते, उजवीकडं लेखकानं प्रसंगातून काय दाखवलं ते. प्रत्येक कादंबरीत निदान चार जागा अशा शोध, जिथं नायक कुणावर तरी अन्याय करतो आणि त्याला ते कळत नाही. आई, बहीण, खोलीतला मित्र, खानावळवाला यांच्याकडं बघ, बहुतेक तिथंच सापडतं. हे करायला लागलीस की नायकावरचं प्रेम कमी होत नाही, पण त्याचा चष्मा उतरतो. दोन आठवडे शिकवणीतल्या माणसांबद्दल बोलताना ‘सगळे’ हा शब्द वापरू नकोस. एकेकाचं नाव घे आणि त्यानं नेमकं काय केलं ते सांग.

आईला समजावताना भांडू नकोस, तिच्या भीतीत माया आहे. तिला विचार, कीर्तनात हरिश्चंद्राचं आख्यान लागलं, तारामती रोहिदासाला घेऊन मसणवट्यात आली आणि नवराच दहनाचा कर मागू लागला की सगळा मांडव रडतो. घरी आल्यावर कुणाचं डोकं फिरतं का? नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले आहेत. त्यांपैकी करुण, रौद्र, भयानक आणि बीभत्स, म्हणजे निम्मे, हे तुझ्या कपाटातलेच आहेत. आणि जगाशी न जमलेली माणसं आपल्याकडं नवी नाहीत. आपल्या गंगाखेडची जनाबाई डोईचा पदर खांद्यावर घेऊन भरल्या बाजारातून जाईन म्हणाली, त्याच जनीच्या ओव्या आईच्या ओठांवर असतील. आधी तो अभंग म्हणून दाखव, मग मर्ढेकरांची एखादी कविता त्याच चालीवर. पुस्तकं पलंगाखालून काढ, जमिनीलगतच्या ओलीत कसर लागते.

त्या स्थळाबद्दल काही लपवायची गरज नाही. ‘मैत्रिणीची पुस्तकं होती’ असं तर मुळीच सांगू नकोस, पुढं आयुष्यभर मैत्रिणीचं नाव घ्यावं लागेल. बोलणी पुढं गेली तर मुलाशी स्वतः बोल. तू काय वाचतेस, का वाचतेस ते दोन वाक्यांत सांग आणि तो काय वाचतो, काय बघतो ते विचार. त्याला तुझ्या पुस्तकांची भीती वाटली तर ते लग्नाआधी कळलेलं बरं.

एक गोष्ट गंभीरपणे तपासून बघ. पुस्तक नसलं तरी झोप लागत नाही, जेवण जात नाही, वाचनातलीसुद्धा गोडी गेली आहे, मरणाचीच पानं पुन्हा पुन्हा काढून वाचली जातात, स्वतःच्या मरणाचे विचार येतात. यातलं बरंचसं सलग दोन आठवडे चालू असेल तर तो पुस्तकांचा विषय उरत नाही. परभणीच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन मानसोपचाराची चौकशी कर, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन कर. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. मरणाचा विचार येत असेल तर दोन आठवडे थांबू नकोस, त्याच दिवशी फोन कर आणि घरात कुणाला तरी सांग. तुझ्या पत्रात मला तसं काही दिसलं नाही. तू चिडून, तावातावानं, शुद्धलेखन सांभाळून लिहिलं आहेस. पण हे मी प्रत्येक वाचणाऱ्याला सांगते.

एकटीनं वाचणं थोडं कमी कर. परभणीचं जिल्हा ग्रंथालय तुझ्या रोजच्या वाटेवरच्या गावात आहे, सेलूतही सार्वजनिक वाचनालयाची चौकशी कर. ग्रंथपालाला विचार, ही पुस्तकं तुझ्याशिवाय आणखी कोण नेतं? तालुक्याच्या गावात अशी दोन-तीन माणसं असतातच. महिन्यातून एकदा एका कादंबरीवर तासभर बोललात तरी डोक्यात साचून राहणारं पुष्कळ मोकळं होईल.

नववीतल्या मुलीला खुन्याच्या मनात शिरणाऱ्या कादंबऱ्या देऊ नकोस, ‘गोलपिठा’ही अजून नको. तिला कोड्याच्या कथा दे. शेरलॉक होम्स मराठीत मिळतो, सत्यजित राय यांचा फेलुदाही मराठीत आला आहे. त्या संपल्यावर रत्नाकर मतकरींच्या गूढकथा, एका वेळी एक, आणि परत करताना काय वाटलं ते तिच्याकडून ऐकून घे. देण्याआधी तिच्या आईला एकदा भेटून सांग की हे पुस्तक मी दिलं आहे, आणि त्यात काय आहे.