जास्वंदीचा चहा जरूर करा, पण बीपीसाठी अंबाडी शोधा

तुम्ही विचारलंय की दारात लाल जास्वंद बारमाही फुलते, सासूबाईंचं बीपी हल्ली १३८-१४० च्या आसपास असतं, तर त्या फुलांचा चहा द्यावा का आणि कसा करायचा. द्या, चहा छानच होतो. पण त्याआधी एक घोळ निस्तरू, कारण मी स्वतः त्यात दोन वर्षं होते.

दुकानात ‘हिबिस्कस टी’ म्हणून जे मिळतं ते आपल्या जास्वंदीचं नसतं. मी पहिलं पाकीट फोडलं तेव्हा आत पाकळी एकही नव्हती. काळपट लाल, सुरकुतलेले, जाडसर तुकडे होते. एक चघळून बघितला आणि चव लगेच ओळखीची लागली. अहो, ही तर अंबाडीची फुलं! माझं आजोळ यवतमाळकडचं. तिकडे ‘फुलं’ म्हणतात, पण खरं तर पिवळट फूल गळून गेल्यावर बोंडाभोवती जी आंबट, मांसल लाल आवरणं राहतात ती ही. हिवाळ्यात आजी त्यांची चटणी करायची, सरबत करायची. तेच इजिप्त-सुदानात ‘कर्कदे’, सेनेगलमध्ये ‘बिसाप’ आणि मेक्सिकोत ‘हमायका’ म्हणून पितात. आजीला सांगितलं असतं तर तिने एवढंच विचारलं असतं, ‘मग ते जिरेपूड घालतात का?’

दोन्ही झाडं एकाच कुळातली. जास्वंद म्हणजे हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस, लाल अंबाडी म्हणजे हिबिस्कस सब्डारिफा. बीपी उतरतं म्हणून जे सगळीकडे फिरत असतं ते मुख्यतः अंबाडीबद्दल आहे. २०१० साली अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाचा अभ्यास छापून आला. बीपी किंचित वाढलेल्या, पण गोळी सुरू नसलेल्या ६५ जणांवर तो केला होता. काहींना रोज तीन कप अंबाडीचा चहा, बाकीच्यांना तशाच चवीचं नुसतं पेय, असं सहा आठवडे. चहावाल्यांचं वरचं बीपी सरासरी ७.२ ने उतरलं, दुसऱ्यांचं १.३ ने. म्हणजे १३८ चं १३१ व्हावं इतपत. १७० चं १२० होईल या आशेवर कुणी राहू नये. जास्वंदीवरचं काम बरंचसं उंदरांवरचं आहे, त्यामुळे तिच्या नावावर एवढंही छातीठोक सांगता येत नाही. साखर-दुधाच्या चहाचे दोन कप कमी झाले, तर तो फायदा मात्र नक्की.

आता कृती. जास्वंदीची फुलं घरचीच घ्या, पाच पाकळ्यांची साधी देशी लाल. देवाच्या हारातली नकोत, आणि नर्सरीतून नुकत्याच आणलेल्या रोपाचीही नकोत. पिठ्या ढेकणासाठी त्यांच्यावर काय काय मारलेलं असतं देव जाणे. फुलं सकाळी तोडा. देठाकडचा हिरवा भाग आणि मधली परागांची दांडी काढून टाका. पाकळ्या धुताना नीट बघा, मुंग्या हमखास असतात. दोन कपांना चार-पाच फुलं पुरतात. पाणी उकळलं की गॅस बंद करून मगच पाकळ्या टाका आणि पाच मिनिटं झाका. फुलं पाण्यातच उकळत ठेवलीत तर बुळबुळीत काढा होतो, जास्वंदीत चिकटपणा असतो.

झाकण काढल्यावर पाकळ्या फिक्या पडलेल्या दिसतील आणि पाणी मळकट जांभळं. इथेच बरेच जण ‘बिघडलं’ म्हणून ओतून देतात. थांबा. गाळून घ्या आणि अर्धं लिंबू पिळा. लिंबाचा रस जिथे पडतो तिथून रंग फिरत जातो आणि सगळा कप गुलाबी-लाल होतो. आमच्या नातवासाठी हा खेळ रोज करावा लागायचा. जास्वंदीला स्वतःची चव जवळपास नाही, म्हणून आल्याचा एक तुकडा किंवा गवती चहाची एक पात सोबत टाका.

अंबाडीचं सोपं आहे. वाळलेली फुलं कपाला एक छोटा चमचा, वर उकळतं पाणी, सहा मिनिटं. लिंबू नको, ती मुळातच आंबटढाण. गूळ घाला, पण हात आखडता ठेवून. दूध दोन्हींत नको. अॅल्युमिनियमचं पातेलं घेऊ नका, आंबटाने ते झिजतं. माझं एक असंच गेलं.

सासूबाईंना बीपीची गोळी सुरू असेल तर ती आपल्या मनाने बंद करायची नाही, आणि चहा सुरू करतोय हे डॉक्टरांना सांगायचं. गोळी आणि चहा मिळून बीपी जास्त उतरलं तर उठताना चक्कर येऊ शकते. आधी आठवडाभर रोज एकाच वेळी मोजून वहीत लिहा, चहा सुरू केल्यावरही लिहीत राहा. आमच्याकडे हे आकडे लिहिलेच नाहीत, म्हणून ‘यांचं’ बीपी चहाने सुधारलं की संध्याकाळच्या चालण्याने, यावर अजून भांडण होतं. आम्लपित्त असेल तर उपाशीपोटी देऊ नका. घरात कुणी गरोदर असेल किंवा दिवस राहावेत म्हणून प्रयत्न चालू असतील, तर तिला दोन्ही चहा नकोत. जास्वंद गर्भनिरोधासाठी वापरायची जुनी रीत आहे.

लाल अंबाडी विदर्भ-मराठवाड्यातल्या बाजारात नोव्हेंबर-डिसेंबरला ताजी मिळते. तेव्हाच किलोभर घेऊन ठेवा. बुडाशी चाकूने गोल चीर देऊन खालून बोटाने दाबलं की आतलं हिरवं बोंड टुपकन बाहेर येतं. लाल आवरणं सावलीत पातळ पसरून कडकडीत वाळू द्या आणि काचेच्या बरणीत भरा. दोन-चार बोंडं झाडावरच पूर्ण वाळलेली मिळाली तर त्यांतलं बी जपून ठेवा. जूनमध्ये मोठ्या कुंडीत टाकलंत तर सहज उगवतं, आणि पानांची भाजी मिळेल ती वेगळीच.