डेटाबेसचा कोर्स शोधणाऱ्या मैत्रिणीस

प्रिय मैत्रिणीस,
सप्रेम नमस्कार.

‘आता सगळं कॉम्प्युटरवर आणा’ असं म्हणून संस्थेच्या विश्वस्तांनी काम तुझ्या गळ्यात घातलं, आणि एमएसडब्ल्यू झालेली तू आता डेटाबेसचा कोर्स शोधते आहेस. शोध, पण तुला डेटाबेस बांधायचा नाही हे आधी ठरवून टाक. बांधणाऱ्याला काय हवं ते सांगणं, त्याने दिलेलं तपासणं आणि तो उद्या सोडून गेला तरी काम चालू ठेवणं, एवढं तुला आलं पाहिजे. बाजारातले बहुतेक क्लास नोकरी शोधणाऱ्या प्रोग्रामरसाठी असतात. तिथून एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला हुकूम द्यायची भाषा, शिकून येशील आणि देणगीदारांची यादी होती तशीच राहील.

एमएस-सीआयटी झालीच असेल; महाराष्ट्रात ती कोणाची झालेली नसते? तिने एक्सेलची भीती जाते, पण तक्ता आणि डेटाबेस यांतला फरक हाती लागत नाही. त्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातली लिब्रेऑफिस बेस या मोफत डेटाबेस सॉफ्टवेअरची मालिका बघ. ती फुकट आहे, धडे छोटे आहेत, आणि या प्रकल्पाचे पुष्कळ धडे मराठीतही मिळतात. बेस पुढे कधी वापरलं नाहीस तरी हरकत नाही. त्यातलं उदाहरण ग्रंथालयाचं आहे. तू मात्र तुमचं पावतीपुस्तक घेऊन बस.

एकच गृहस्थ वर्षात तीनदा देणगी देतात. एक्सेलमध्ये ते तीन ओळींत, तीन प्रकारे लिहिलेल्या नावाने बसलेले असतात. माणसाचं टेबल वेगळं, देणगीचं वेगळं आणि दोन्हींना जोडणारा एक क्रमांक, हे एकदा स्वतःच्या हाताने केलंस की निम्मा विषय समजला. याचा व्यवहारात उपयोग काय, ते तुमच्या अकाउंटंटला विचार. ८०जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात सूट मिळवून देणारी मान्यता, असलेल्या संस्थांना २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून देणग्यांचं विवरण, म्हणजे फॉर्म १०बीडी, ३१ मेपर्यंत भरणं सक्तीचं झालं. त्यात प्रत्येक देणगीदाराचा पॅन किंवा दुसरा ओळख क्रमांक, पत्ता, रक्कम आणि ती कशी मिळाली हे सगळं लागतं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये, आणि विवरण भरल्याशिवाय देणगीदाराला प्रमाणपत्रही देता येत नाही. नवा आयकर कायदा आल्यावर फॉर्मचे क्रमांक काय झाले ते ऑडिटर सांगेल, पण पॅनचा रकाना आज ठेवला नाहीस तर मे महिन्यात एकेकाला फोन करत बसशील.

आता जे कुठल्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत ते. लाभार्थ्यांच्या यादीत गावाचं नाव हाताने टाइप करू देऊ नकोस. वडगाव नावाची गावं किती आहेत ते तुला माहीत आहे, आणि २०२३मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, तेव्हा जुन्या-नव्या याद्या जुळेनात. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला कोड आहे, तोच वापर. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधल्या याद्या आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना सारख्याच कळणाऱ्या अक्षरांत, आणून घे, नाहीतर शोधायला गेलीस की काहीच सापडणार नाही.

गावात जाऊन माहिती गोळा करायची असेल तर कोबोटूलबॉक्स हे मोबाइलवर फॉर्म भरून घ्यायचं साधन शीक. फॉर्म मराठीत करता येतो, रेंज नसली तरी भरता येतो. एक छोटा फॉर्म स्वतः तयार कर. कोणता प्रश्न बिनकामाचा आहे ते कार्यकर्ते पहिल्याच दिवशी सांगतील. सेल्सफोर्स ही ग्राहकांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर बनवणारी मोठी कंपनी सामाजिक संस्थांना दहा लायसन्स मोफत देते आणि त्याचं ट्रेलहेड हे शिकवणीचं संकेतस्थळही फुकट आहे, पण पगारी माणूस नसलेल्या छोट्या संस्थेने त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. लायसन्स फुकट असलं तरी ते बसवणं आणि सांभाळणं फुकट नसतं. त्यापेक्षा सिव्हीसीआरएमची वापरकर्त्यांसाठीची मार्गदर्शिका वाच. हे सॉफ्टवेअर संस्थांसाठीच बनलेलं आहे, त्यामुळे देणगीदार, सभासद, कार्यक्रम यांची मांडणी कशी करायची हे त्यातून कळतं. ते सुरू करणाऱ्यांपैकी डोनाल्ड लोबो यांनी पुढे भारतातल्या संस्थांसाठी प्रोजेक्ट टेक फॉर डेव्ह उभं केलं. त्यांच्या उपक्रमांवर लक्ष ठेव.

व्यवस्थापनाचं म्हणशील तर त्याला कोर्स नको, एक दुपार पुरे. संस्थेच्या वेबसाइटचं डोमेन, म्हणजे तिचा इंटरनेटवरचा पत्ता, कोणाच्या नावावर आहे? ओटीपी कोणाच्या मोबाइलवर जातो? बॅकअप कुठे आहे आणि तो परत उघडून कोणी पाहिला आहे का? पुष्कळ संस्थांत पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘खजिनदारांचा भाचा’ असं असतं, आणि भाचा पुण्याला नोकरीला लागलेला असतो. सॉफ्टवेअरवाल्याशी करार करताना ‘मागू तेव्हा आमचा सगळा डेटा सीएसव्हीमध्ये मिळेल’ हे वाक्य लिहून घे; सीएसव्ही म्हणजे एक्सेलसकट कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी साधी फाइल. ते लिहून द्यायला जो कुरकुरेल त्याच्याकडून काम करून घेऊ नकोस.

आधारकार्डांचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात, ते आजच थांबव. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती लागते, आणि तुमचं काम तर वसतिगृहातल्या मुलांचंच आहे.

प्रशिक्षक ठरवताना त्याला एकच प्रश्न विचार: ‘आमच्या रजिस्टरची वीस पानं आणली तर त्यावरच शिकवाल का?’ हो म्हणाला तर फीची घासाघीस करू नकोस. ती फी आणि डेटा भरणाऱ्या मुलीचं मानधन कंपन्यांच्या सामाजिक निधीसाठीच्या पुढच्या सीएसआर प्रस्तावात प्रकल्पखर्च म्हणून वेगळ्या ओळीत दाखव.

उत्तर लिहिशील तेव्हा देणगीच्या आणि वसतिगृहाच्या रजिस्टरचे रकाने लिहून पाठव, म्हणजे टेबलं कशी पाडायची ते बघू. नुसते रकाने हं, नावं नकोत.

कळावे,
तुझी ताई