डेट्रॉइटची नोकरी स्वीकारण्यापूर्वी

नमस्कार.

डेट्रॉइट परिसरातील वाहन-उद्योगातल्या एका कंपनीने तुम्हाला एच-१बी या अमेरिकेतील नोकरीच्या व्हिसावर बोलावले आहे. पण ‘ते शहर केव्हाच बुडाले’ असे घरचे म्हणतात, तेव्हा यावे का आणि आल्यावर शहरातच घर घ्यावे का, असे तुम्ही विचारले आहे. मी २००७ पासून या भागात राहतो, म्हणून सविस्तर लिहितो.

घरच्यांचे म्हणणे निराधार नाही. १९५०च्या जनगणनेत डेट्रॉइटची लोकसंख्या सुमारे साडेअठरा लाख होती. २०२०मध्ये ती ६,३९,१११ भरली. जपानी गाड्यांनी शहर बुडवले, असे सर्रास सांगितले जाते, ते मला पटत नाही, कारण ओहोटी लागली ती १९५०च्या दशकात, अमेरिकी मोटारींची चलती असताना. नव्या एकमजली कारखान्यांना लागणारी ऐसपैस जागा उपनगरांत मिळाली, महामार्ग झाले, गोरा मध्यमवर्ग तिकडे निघून गेला. कृष्णवर्णीयांना मात्र तेथे ना घर विकले जाई, ना गृहकर्ज मिळे. परदेशी स्पर्धा नंतर आली. माणसे दोन-तृतीयांशाने घटली तरी सुमारे १४० चौरस मैलांतले रस्ते, जलवाहिन्या आणि निवृत्त कर्मचाऱ्यांना कबूल केलेले पेन्शन घटत नाही. मग उरलेल्यांवर कर वाढतो, सेवा आटतात आणि आणखी लोक जातात. जुलै २०१३मध्ये शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला, तो हे गणित पुरते फसल्यावर.

त्यानंतरची सुधारणा खरी आहे आणि ती डोळ्यांसमोर घडताना पाहून मला मनापासून आनंद झाला आहे. देणी भागवण्यासाठी कलासंग्रहालयातील चित्रे विकण्याची वेळ आली होती, ती प्रतिष्ठानांनी आणि राज्य सरकारने ८० कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी करून टाळली, तरी शहराच्या सामान्य निवृत्त कर्मचाऱ्यांच्या पेन्शनला ४.५ टक्के कात्री लागलीच. १९८८पासून ओस पडलेले मिशिगन सेंट्रल स्थानक फोर्डने २०१८मध्ये विकत घेऊन २०२४मध्ये पुन्हा खुले केले. मात्र शहराच्या मध्यभागातून काही मैल बाहेर गेलात, तर पाडलेल्या घरांच्या रिकाम्या जागा अजून दिसतील.

तुमच्यासाठी मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न वेगळा आहे: हा परिसर किती उद्योगांवर उभा आहे? २००९मध्ये क्रायस्लर आणि जनरल मोटर्स सुमारे महिन्याभराच्या अंतराने दिवाळखोरीत गेल्या, तेव्हा मी ज्या सुट्या भागांच्या कंपनीत होतो तिने माझ्यासह अनेकांना कमी केले. ज्यांच्याकडे अर्ज करावा, तेही माणसे कमीच करत होते. माझी पत्नी विद्यापीठातील संशोधनावर स्वतःच्या व्हिसाने काम करत होती, म्हणून तिचा आश्रित या नात्याने मी येथे राहू शकलो. आता एच-१बीवरच्या माणसाची नोकरी गेल्यावर नवी शोधण्यास जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात; २०१७पूर्वी तेवढीही मुदत नियमात नव्हती.

पिट्सबर्ग सावरले ते एकाच उद्योगावर उभे नव्हते म्हणून. १९८०च्या दशकात तेथील पोलाद-उद्योग कोसळला, पण दोन मोठी विद्यापीठे आणि रुग्णालये शाबूत होती आणि नवे रोजगार त्यांच्याभोवती वाढले. यंगस्टाउन या दुसऱ्या पोलाद-शहराला असा दुसरा आधार नव्हता. १९ सप्टेंबर १९७७ रोजी तेथील मोठा पोलाद कारखाना बंद करण्याची घोषणा झाली आणि २०२०पर्यंत लोकसंख्या साठ हजारांवर आली. तरी पिट्सबर्गचीही लोकसंख्या आज १९५०च्या निम्म्याहून कमी आहे, आणि भट्टीवरच्या कामगाराला रोबोटिक्सच्या प्रयोगशाळेत काम मिळाले, असे सहसा घडले नाही. शहर सावरते तेव्हा त्यातली जुनी माणसे सावरतातच असे नाही, हे मला फार बोचते.

म्हणून या, पण तयारीने या. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा आणि तुमचे कौशल्य मोटारींबाहेर, वैद्यकीय उपकरणांसारख्या क्षेत्रात, कोठे चालेल हे आधीच पाहून ठेवा. तुमच्या जोडीदाराला एच-४ व्हिसावर आपोआप काम करता येत नाही. सामान्यतः तुमच्या ग्रीन कार्डच्या अर्जातला आय-१४० हा टप्पा मंजूर झाल्यावरच परवाना मागता येतो, तेव्हा कंपनी तो अर्ज कधी भरणार हे आत्ताच विचारा.

घर पहिले वर्षभर भाड्याने घ्या. ‘डेट्रॉइटची नोकरी’ प्रत्यक्षात डिअरबॉर्न, ऑबर्न हिल्स किंवा वॉरन या शहराबाहेरच्या गावांतही असू शकते. डेट्रॉइट शहरात राहिल्यास उत्पन्नावर २.४ टक्के शहरकर लागतो. राहणे बाहेर आणि काम शहरात असेल तर १.२ टक्के. पुढे घर विकत घेताना विक्रेत्याच्या मालमत्ता-कराच्या पावतीवर विसंबू नका, कारण मिशिगनमध्ये घर विकले गेले की पुढच्या वर्षी करपात्र मूल्य नव्याने, बाजारभावाच्या निम्म्यावर ठरते, आणि अनेक वर्षांच्या मालकाची पावती त्यामुळे फसवी ठरते. प्रस्तावपत्रावर कामाचा नेमका पत्ता नसेल, तर सही करण्यापूर्वी तो लिहून घ्या.